सशाची कात्री

व्यंगचित्रपट पाहून माणसानें केवळ हसावें, अंतर्मुख होऊं नये, असा एक संकेत आहे. परवां नातवाशेजारीं बसून चक जोन्स यांचा १९४८ सालचा 'रॅबिट पंच' पाहतांना तो संकेत मला पाळतां आला नाहीं.

मुष्टियुद्धाच्या रिंगणांत एक धिप्पाड मल्ल दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला बुकलून काढीत असतो. तें न पाहवून बग्ज बनी हा ससा मल्लाची टर उडवितो, आणि त्याचें बक्षीस म्हणून स्वतःच रिंगणांत ओढला जातो. फेऱ्या शंभरावर जातात; नियम तर केव्हांच धाब्यावर बसलेले असतात. शेवटीं ससा रुळांना जखडलेला, आणि मल्ल आगगाडी हांकीत अंगावर येत आहे! इतक्यांत फीत तुटते. कोऱ्या पडद्यावर येऊन ससा दिलगिरी व्यक्त करतो, आणि हळूच हातांतली कात्री दाखवितो.

नातू खदखदून हसला. मला मात्र चौथीचा वर्ग आठवला. मास्तर एका किरकोळ अंगाच्या मुलाला छडीनें झोडपीत होते. चूक माझी होती. तो माझ्याकडे पाहत होता, मी पाटीकडे. तोंडून एक शब्द निघाला असता तर मलाहि रिंगणांत ओढलें असतें, हें मला पक्कें ठाऊक होतें.

ती फीत अजूनहि मधूनमधून फिरते. ती तोडावयास मजजवळ कात्री नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, कात्रीवर हक्क त्याचाच, जो आधीं ओरडला.