दाबलेली अक्षरं

गेल्या महिन्यात आमच्या चौकात पाणीबंदीचा फ्लेक्स लागला. 'गुरुवारी पाणी येणार नाही', सांगायचं होतं एवढंच. पलीकडच्या गल्लीतल्या आजींनी ते रस्त्यापलीकडून 'शुक्रवारी' वाचलं. गुरुवारी सकाळी दोन कळश्या घेऊन त्या आमच्या दारात. मी मान खाली घातली, कारण तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला.

ऑर्डर नेहमीचीच होती. "फोटो मोठे घ्या, मजकूर उरलेल्या जागेत बसवा." मग मी तेच केलं जे या धंद्यात आम्ही सगळे करतो. कोरलमध्ये ओळ निवडली, माऊसने कडेला धरली आणि आत ढकलली. बसली ओळ!

पण अक्षर असं बाजूने दाबलं की उभ्या दांड्या बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. वरून जाड आउटलाइन दिली की आतल्या पोकळ्या बुजतात. मग 'घ' कुठला नि 'ध' कुठला, 'भ' कुठला नि 'म' कुठला, कळत नाही. उकाराचा नुसता काळा ठिपका होतो.

जागा कमी असणं हा गुन्हा नाही. त्यासाठी अरुंद, ठळक फॉन्ट मुद्दाम घडवलेले असतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' बघा. देवनागरी आणि रोमन दोन्ही, हलक्यापासून ठळकपर्यंत पाच वजनं, आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट. त्यातलं अक्षर अरुंद आहे, पण चेपलेलं नाही. उभ्या-आडव्या रेषांचा तोल आधीच साधलेला आहे. अर्थात त्याचं बोल्ड एक-दोन मोठ्या शब्दांसाठीच. 'गुरुवारी पाणी बंद' त्यात लिहा, खालचा तपशील 'मुक्ता'सारख्या मोकळ्या फॉन्टमध्ये.

२०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. चांगलंच झालं. पण कायदा आकार बघतो, वाचता येतं का ते बघत नाही. त्यामुळे उंची बरोबर ठेवून रुंदीत चेपलेल्या पाट्या गावभर दिसतात. नियम पाळला, मराठी मात्र गुदमरली.

आता दुकानात मी एक नियम केलाय. सूचनेचा फ्लेक्स असेल तर आधी मजकूर बसणार, मग फोटो. छापण्याआधी प्रिंट भिंतीला लावून लांबून वाचायची. परवा एक गिऱ्हाईक यावरून रागावून गेलं. जाऊ दे.

फ्लेक्स लावणाऱ्या सगळ्या भाऊ-दादांना हात जोडून विनंती, सूचनेच्या फ्लेक्सवर एक फोटो कमी करा. तुमचा चेहरा आम्ही ओळखतो हो. पाणी कधी येणार नाही, ते तेवढं नीट वाचता येऊ द्या.