तोकामाचीच्या भिंतीवरचा तारपा

टोकियोहून निघालेली शिनकान्सेन डोंगरात शिरली की पुढचे बावीस किलोमीटर उजेडच दिसत नाही. हा दाइशिमिझू बोगदा. वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्ग आमच्या दिग्रसला कधी पोचतो याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे सगळं जादूसारखंच. पलीकडे निईगाता प्रांत. एचिगो-युझावाला गाडी बदलायची आणि लहानशा गाडीने तोकामाचीला उतरायचं. हिवाळ्यात इथे दोन-दोन, तीन-तीन मीटर बर्फ साचतो. मी गेलो ऑक्टोबरात. भाताची कापणी उरकत आली होती आणि किमोनोचं कापड विणण्यासाठी नावाजलेलं हे गाव थंडीच्या तयारीला लागलं होतं.

गावाबाहेर टेकडीवर, तळ्याकाठी, एक बंद पडलेली जुनी शाळा आहे. तोकिओ हासेगावा या गृहस्थांनी १९८२ साली तिथे चक्क मिथिला संग्रहालय काढलं. बिहारच्या बायकांची चित्रं बर्फाच्या मुलखात कशी दिसतात, एवढंच बघायला मी गेलो होतो. बूट काढले, लाकडी फरशीवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो, आणि समोरच्या भिंतीवर आमचा महाराष्ट्र! मातकट पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या रंगात नाचणाऱ्या माणसांची वेटोळी, आणि मधोमध लांबलचक तारपा फुंकणारा एकटा गडी. तोंडून निघालंच, “आता हे इथं काहून?”

दिग्रसहून वारल्यांचं डहाणू गाठायचं तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तो मी कधी ओलांडला नव्हता. वारल्यांची चित्रं पाहिली होती ती चादरींवर, कपबश्यांवर आणि शाळांच्या कुंपणभिंतींवर. खरी, मोठी, हाताने काढलेली चित्रं पाहायला मिळाली ती जपानात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे या संग्रहालयात येऊन राहिले, इथे बसून त्यांनी चित्रं काढली. वारल्यांमध्ये चित्रं काढणं हे मुळात सवाष्णींचं काम. लग्नघरात त्या पालघट देवीचा चौक लिहितात. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात म्हशांनी ही रेघ लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

मी त्या वेटोळ्यांसमोर बराच वेळ बसून राहिलो. कारण चित्र हलत होतं. नजरेचा खेळ म्हणावा, तर तो कशाने घडतो हेही जवळ गेल्यावर दिसत होतं. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा ठिपका, खाली काटकुळे पाय. एवढ्याच सामानात चित्रकार करतो काय, तर वरचा त्रिकोण जरासा कलता काढतो. पुढच्या गड्याचा अजून थोडा कलता. सगळ्यांचे गुडघे एकाच बाजूला वाकवलेले. पन्नास जणांचा तोल असा एका दिशेला ढळला की डोळा आपसूक त्यांच्याबरोबर फिरू लागतो.

खरा नाचही तसाच चालतो. भात तयार झालं की रात्री तारपा घुमू लागतो. वाळलेला दुधीभोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं हे वाद्य. पुरुष आणि बाया एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. तारपेकरी वळेल तशी साखळी वळते, सूर बदलला की दिशा बदलते आणि तारप्याकडे कोणी पाठ फिरवत नाही. हे सगळे नियम त्या भिंतीवर होते.

नाच कागदावर उतरवायचे खटाटोप युरोपानेही पुष्कळ केले. १७०० साली पॅरिसमध्ये राउल-ओजे फये याने पुस्तक काढलं. त्यात पान म्हणजेच नाचघराची जमीन, जणू छताला लटकून पाहिलेली. नर्तकाची वाट एका रेषेने दाखवायची आणि तिच्यावर पावलांच्या खुणा करायच्या. १९२८ मध्ये रुडॉल्फ लाबानने पुरी लिपीच मांडली. ती पानाच्या तळापासून वर वाचायची. मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा उंची सांगते, आणि चिन्ह जितकं लांब तितका वेळ. ही लिपी जाणणारा नर्तक कधी न पाहिलेला नाचही पुन्हा उभा करू शकतो.

तारप्याच्या चित्रावरून तसं जमणार नाही. पाऊल कितव्या मात्रेला पडतं ते त्यात नाही. पण फयेच्या पानावर रेषा आहे आणि माणूस नाही. लाबानच्या पानावर एका देहाचा सगळा हिशेब आहे, शेजाऱ्याची ऊब नाही. वारली चित्रकार वर्तुळ आभाळातून पाहतो आणि माणूस समोरून पाहतो, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे एका बाजूचे नाचणारे सरळ उभे दिसतात आणि त्यांच्या समोरचे डोक्यावर. चित्रकलेच्या वर्गात याला शून्य गुण मिळाले असते. पण साखळीत उभं राहिलेल्या माणसाला वरखाली कुठे असतं? त्याला कळतो तो फक्त पुढचा हात आणि मागचा हात. नाच बाहेरून दिसतो कसा, हे लिपी नोंदते. आत शिरल्यावर तो लागतो कसा, हे या चित्रात नोंदलेलं आहे.

माझ्या शेजारी एक जपानी आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी हवेत बोट फिरवत बाहेरच्या टोकापासून तारपेकऱ्यापर्यंत वाट काढली आणि हसून मान डोलावली. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं. पण उन्हाळ्यात पूर्वजांच्या सणाला इथलेही लोक उंच माचाभोवती गोल धरून नाचतात, माचावर ढोल वाजत असतो. शिवाय वारल्यांचा तो पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, आणि हा मुलूखही भाताचाच. परका काय तो मी, कापूस-सोयाबीनवाला.

मग आठवले आमच्याकडचे तांडे. दिग्रसच्या आसपास बंजाऱ्यांची वस्ती मोठी, पोहरादेवीही जवळच. श्रावणात तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, त्याला रोज पाणी घालतात आणि त्या टोपल्यांभोवती फेर धरतात. होळीला लेंगी गाणी घुमतात. बायांच्या फेट्या-काचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे, आरसे लखलखतात आणि हल्ली नाचाभोवती दहा मोबाइल उंचावलेले असतात. मोबाइलमध्ये सगळं येतं: पाऊल, टाळी, गाणं. येतं ते मात्र कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून.

येत्या श्रावणात तांड्यावरच्या एखाद्या शाळेने फेर सुटल्यावर त्या पोरींच्याच हाती कागद आणि खडू द्यावेत. फेर कसा होता ते त्यांना काढू द्यावं. निम्म्या मैत्रिणी डोक्यावर उभ्या निघाल्या, तरी चित्रकलेच्या मास्तरांनी तेवढं खोडरबर खिशातच ठेवावं.