दोरीवरची अक्षरे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयही सुचवला : ग्राफिक डिझाइनरला कल्पना सुचतात तरी कुठून? प्रश्न अगत्याचा आहे, परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर पुष्कळांना निराश करील. माझ्यापुरते ते मुळशीचा पाऊस, वसतिगृहामागची कपडे वाळत घालण्याची दोरी आणि माझ्या वडिलांचे रंगाचे डबे एवढ्यात मावते. प्रवास आहेत, पण तेही बहुतेक एस.टी.चे.

आपल्या शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला ती दोरी आठवत असेल. जूनमध्ये ताम्हिणीकडून उतरलेला पाऊस नवरात्रापर्यंत हटत नसे आणि गणवेश दोन-दोन दिवस ओलेच लटकत राहत. पुढे कलामहाविद्यालयात अक्षररचनेच्या तासाला शिक्षकांनी सांगितले की रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात, देवनागरी अक्षरे मात्र शिरोरेषेला लटकतात. तेव्हा भरल्या वर्गात मला एकटीलाच हसू आले. माझ्या डोळ्यांपुढे ओल्या सदऱ्यांची रांग उभी होती. कोणाची बाही वेलांटीसारखी वळलेली, कोणाचा पायजमा कान्यासारखा सरळ. लटकलेल्या वस्तूचे वजन खाली उतरते, ओल्या कापडाचे अधिकच. देवनागरी अक्षराच्या वळणाला कोठे जाडी द्यावी, हे ठरवताना मला आजही पुस्तकापेक्षा ती दोरी अधिक उपयोगी पडते.

वडील, आमचे आप्पा, पाट्या रंगवीत. पौड, पिरंगुट, माले या परिसरातील किती दुकाने, किती शाळा, किती ट्रकचे क्रमांक त्यांच्या हाताखालून गेले याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. रंगात भिजवलेली सुतळी भिंतीवर ताणून टिचकी मारायची, की आडवी रेघ उमटे. मग खडूने आखणी, आणि मग एका दमात ब्रश. ‘श्वास सोडला की रेघ हलते,’ असे ते म्हणत. सुट्टीत घरी आले की डबा धरून उभे राहण्याचे काम माझे. पाटी वाचणारा माणूस चालत असतो, सायकलवर असतो किंवा एस.टी.च्या खिडकीत असतो. तो थांबून वाचणार नाही, हे मी तेथेच शिकले. नंतर यालाच मोठमोठी नावे असल्याचे कळले.

मग फ्लेक्स आला. तक्रार करण्यात अर्थ नाही. फ्लेक्स स्वस्त होता, संध्याकाळी सांगितला की सकाळी मिळत होता, शिवाय त्यावर माणसाचा फोटो येत होता. फोटोशी ब्रशने स्पर्धा कशी करावी? चार-पाच वर्षांत आप्पांकडे फक्त ट्रकचे क्रमांक उरले आणि नंतर तेही थांबले. त्याच सुमारास मी संगणकावर अक्षरे जुळवून पहिले पैसे मिळवले. घरात याविषयी कोणी काही बोलले नाही. न बोलण्याचे वजन मात्र होते.

एकदा माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत आप्पांनी विचारले, ‘‘ही अक्षरं लिहिली कोणी?’’ यंत्र स्वतः लिहीत नाही, यामागे कोणीतरी हात असणार, हे त्या कारागिराला न सांगता कळले होते. पडद्यावरचा फाँट ‘मंगल’ होता. तो र. कृ. जोशी यांचा. जोशी (१९३६–२००८) आधी सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक, आणि जाहिरात क्षेत्रातही मुरलेले. विंडोजमधून जगभरच्या संगणकांवर पोहोचलेली ती देवनागरी बोरूने लिहिणाऱ्या माणसाच्या हातून उतरली आहे. मी कमल शेडगे यांचीही कामे दाखवली. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचे नाव वाचण्याआधीच नाटकाचा स्वभाव कळावा, असे अक्षर ते काढत. आप्पा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हा माणूस श्वास धरून लिहितो.’’ २०२० साली शेडगे गेले, तेव्हा मी घरी फोन केला होता.

प्रवासाविषयी थोडे. शाळेची सहल कोळवण, तिकोना, कामशेत असे करीत कार्ल्याला गेली होती. त्या वयात आम्ही चैत्याच्या भव्यतेनेच दिपलो. पुढे मी तेथे एकटी, वही घेऊन गेले, ती ब्राह्मी अक्षरे पाहायला. तिला शिरोरेषा नाही. ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे निव्वळ वर्तुळ. आणि आपल्या आजच्या ‘ठ’च्या पोटात ते वर्तुळ अजून शाबूत आहे! वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने कोरवून ठेवले आहे. मला मात्र अधिक जवळचा वाटला तो धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार. प्रवेशद्वार घडवणाऱ्या या माणसाचे नावही तेथे कोरलेले आहे. आप्पांच्या पाट्यांच्या कोपऱ्यात त्यांचे नाव बारीक अक्षरात असे. त्यातली आता एकही पाटी मला सापडत नाही.

दुसरा प्रवास कोल्हापूरहून निपाणीचा. कागल मागे पडले की दुकानांच्या पाट्यांवर कन्नड दिसू लागते आणि सरळ रेघांवर वाढलेला डोळा गोल वळणांवर घसरू लागतो. ताडपत्रावर आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून दक्षिणेकडील लिप्या गोलावल्या, असे अभ्यासक सांगतात. साधन बदलले की अक्षर बदलते, ही गोष्ट मला तेव्हापासून कमी दुःखद वाटते.

आणि प्रवास न करता पाहायचे असेल तर १४ एप्रिलच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही वस्तीत फिरावे. ‘जय भीम’ ही दोन अक्षरजोडे निळ्या रंगात जितक्या तऱ्हांनी लिहिली जातात, तितक्या तऱ्हा कोणत्याही फाँटच्या यादीत नाहीत. ‘भी’ची वेलांटी कोठे छत्री होते, कोठे झेंडा. लिहिणाऱ्या पोरांनी कोणताही अभ्यासक्रम केलेला नसतो. ज्यांच्या आजोबांना पाटीवर अक्षर गिरवू दिले नव्हते, त्यांच्या नातवांना अक्षर मोठे काढावेसे वाटते, यात मला नवल वाटत नाही. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, तेव्हापासून आपल्याकडे छापील अक्षराची किंमत वेगळीच आहे.

तीन वर्षांपूर्वी मुळशीतील एका शेतकरी गटाने आंबेमोहोर तांदळाच्या पिशवीचे काम दिले. तांदूळ शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास येतो, म्हणून हे नाव. सर्वांना पिशवीवर आंबा हवा होता. आंबा काढला तर आत आमरस आहे असे शहरातल्या गिऱ्हाइकाला वाटेल, हे पटवण्यात दोन बैठका गेल्या. वास काढायचा कसा? मी पौडच्या किराणा दुकानांत नुसती उभी राहिले. पिशव्या थप्पीने आडव्या रचलेल्या होत्या. दर्शनी बाजू कोणाला दिसतच नव्हती, दिसत होता तो फक्त तळाचा पट्टा. नाव तेथे हवे होते, आणि तेही चालत्या माणसाला वाचता येईल असे. पाटीच ती, फक्त वीतभर.

फाँट लावून पाहिले. नीटनेटके दिसले आणि वास काही येईना. आप्पांना लिहायला सांगितले. हाताला कंप आहे, डोळ्यांत मोतीबिंदू होता, वगैरे कारणे त्यांनी दिली. ‘‘तुझ्या मशीनमधी आहेत की अक्षरं,’’ असेही म्हणाले. मी ब्रश आणि जुने वर्तमानपत्र त्यांच्यापुढे ठेवून आईला मदत करायला आत गेले. तासाभराने बाहेर आले, तेव्हा अकरा कागद जमिनीवर वाळत होते. सातव्या कागदावर रंग संपत आलेल्या ब्रशने शेवटच्या ‘र’ची शेपटी अशी विरळ ओढली होती की ती हवेत विरत जाते असे वाटावे. तो कागद मी जसाच्या तसा स्कॅन केला. कंपही ठेवला.

छापलेली पहिली पिशवी घरी नेली. आप्पांनी ती उभी धरली, आडवी धरली, मग कपाटावर ठेवून दारापर्यंत चालत गेले आणि तेथून पाहिली. ‘‘‘मो’ची मात्रा दबलीय. पुढच्या खेपेला उचलून घेऊ,’’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून येताना टर्पेंटाइन आणि सहा नंबरचा ब्रश आणायला त्यांनी मला बजावले.