कैरोची गुरुवारची रात्र

कैरोला गेलात तर पिरॅमिड बघालच, पण अर्धा दिवस नाईलमधल्या रोडा बेटासाठी राखून ठेवा. बेटाच्या दक्षिण टोकाला, नदीचं पाणी मोजायच्या जुन्या विहिरीशेजारी, उम्म कुलसूम या गायिकेचं संग्रहालय आहे. २००१ साली उघडलेलं. तिचा काळा चष्मा, रेशमी रुमाल, मैफलीतले झगे, सगळं जपून ठेवलंय.

खेड्यातल्या इमामाची ही मुलगी. सुरुवातीला वडील तिला मुलाचे कपडे घालून गायला नेत! पुढे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल रेडिओवर लागली, की रस्ते ओस पडायचे. एकेक गाणं तासभर चाले. श्रोते ‘अल्ला!’ म्हणून दाद देत, आणि ती तीच ओळ नव्या वळणानं पुन्हा घेई. अशी जी धुंदी चढते, तिला तिकडे ‘तरब’ म्हणतात.

पहिल्यांदा ऐकताना एखादा सूर उतरलाय असं वाटेल. नाक मुरडू नका हं! आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसणारे सूर त्यांच्या ‘मकामा’त, म्हणजे साधारण आपल्या रागात, हक्कानं नांदतात. ‘रास्त’ मकामातला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. ‘हिजाझ’ ऐकलात तर मात्र भैरवाची आठवण होईल. नावंही पाहा ना: रास्त हा फारशी शब्द, नहावंद हे इराणातलं शहर, हिजाझ हा अरबस्तानातला प्रांत. वाद्यांच्या रचनांवर तुर्की छाप, ती वेगळीच.

या मधल्या सुरांवरून १९३२ साली कैरोच्या संगीत परिषदेत चांगलाच वाद झाला. बार्टोकसारखे युरोपियन संगीतकारही आले होते. प्रश्न होता पियानोचा. त्याच्या पट्ट्या ठरलेल्या, मग मधला सूर जाणार कुठे? व्हायोलिनही परकंच, पण ते केव्हाच रुळलं होतं, कारण त्याच्या तारेवर बोट हवं तिथे टेकवता येतं. कानून हे वाद्य तर आपल्या स्वरमंडळासारखं. तर्जनीत नख्या अडकवून वाजवायचं, आणि सूर किंचित चढवायला-उतरवायला बारीक खिट्ट्या. आपल्याकडे १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. भांडण जवळजवळ तेच, बरं का!

१९७५ साली उम्म कुलसूम गेली, तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसं लोटली.

घरी तिचं गाणं लावाल तेव्हा घाई नको. ती गायला लागण्याआधी कधी कधी दहाएक मिनिटं नुसती वाद्यंच वाजतात. तेवढ्यात चहा टाकून या.