जिना आहे का रे त्यांच्याकडे?

बरेच दिवसांनी लिहितोय. मधे दोनदा लिहायला बसलो आणि दोन्हीदा सगळं पुसून टाकलं. घरच्या मंडळींना आधीच विनंती, शेवटपर्यंत वाचा आणि मग मला फोन करा. अर्धवट वाचून आईला करू नका.

तर, मी सध्या टल्सात आहे हे तुम्हाला माहीत आहेच. ओक्लाहोमातलं तेलाचं जुनं गाव. ऑफिसपासून जवळच, बेसबॉलच्या स्टेडियमला लागून एक छोटी बाग आहे. हवा बरी असली की मी डबा घेऊन तिथे जाऊन बसतो. बागेचं नाव जॉन होप फ्रँकलिन रिकन्सिलिएशन पार्क. रिकन्सिलिएशनला मराठीत काय म्हणावं यावर माझी एक पोळी संपली. समेट म्हटलं की पंच आठवतात, दिलजमाई म्हटलं की निवडणुकीआधीचे दोन पुढारी. सलोखा त्यातल्या त्यात बरा.

बागेत शिरल्या शिरल्या ब्राँझचे तीन पुतळे आहेत. एक शस्त्रं घेतलेला गोरा माणूस, एक हात वर केलेला काळा माणूस, आणि तिसरा रेडक्रॉसचा गोरा अधिकारी, हातात काळं तान्हं बाळ घेतलेला. तिन्ही त्या वेळच्या खऱ्या फोटोंवरून केलेत. पहिले कित्येक दिवस मी तिसऱ्याकडेच बघून जेवायचो. पहिल्याकडे पाठ करून.

३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ग्रीनवूड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती गोऱ्यांच्या जमावानं जाळली. पस्तीस चौक बेचिराख, बाराशेच्या वर घरं गेली. सरकारी आकडा ३६ मृतांचा, अभ्यासकांचे अंदाज ३०० पर्यंत जातात. विमा कंपन्यांनी पैसे दिले नाहीत, कारण पॉलिसीत दंगलीचा अपवाद होता आणि हिला 'दंगल' म्हटलं गेलं. एका शब्दावर इतकं अडतं. आता सगळे 'हत्याकांड' म्हणतात, पण त्याला जवळपास शंभर वर्षं लागली.

जॉन होप तेव्हा सहा वर्षांचे, आईबरोबर रेंटीजव्हिल नावाच्या खेड्यात. वडील बक फ्रँकलिन वकील होते, टल्सात जम बसवून मग कुटुंबाला न्यायचं असा बेत होता. सगळं जळल्यावर त्यांनी तंबू ठोकला आणि तंबूतच वकिली सुरू केली. शहरानं नियम काढला होता की तिथे पुन्हा बांधायचं तर आग न लागणारी, म्हणजे महागडी, इमारतच बांधा. लोकांनी जागा सोडून जावं हा त्यामागचा डाव. बक त्याविरुद्ध लढले आणि जिंकले. मुलं आणि बायको टल्सात आली ती थेट १९२५ साली.

हा मुलगा पुढे हार्वर्डचा डॉक्टरेट आणि काळ्या अमेरिकेच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला. त्यांचं १९४७ सालचं 'फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम' अजून वाचलं जातं. मला त्यांचा सगळ्यात आवडलेला किस्सा १९३९ चा. नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी दप्तरखान्यात ते कागद बघायला गेले. काळा संशोधक येईल असं कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं, म्हणून वेगळी खोली तयार होईपर्यंत काही दिवस थांबा म्हणाले. मग दुसरी पंचाईत, गोऱ्या पोऱ्यांनी काळ्या माणसाला कागद आणून कसे द्यायचे? शेवटी त्यांनाच दप्तराची किल्ली दिली! हवं ते काढा, घ्या. मग बाकीच्या गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की आम्हाला का नाही किल्ली, आणि ती काढून घेतली गेली. हे वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो, आणि मग हसू येईना.

२००८ साली या बागेचं काम सुरू झालं तेव्हा ते म्हातारपणी इथे आले होते. मार्च २००९ मध्ये गेले. आणि २०१५ मध्ये त्यांच्या वडिलांनी १९३१ साली टाइप केलेली दहा पानं सापडली, त्या दिवसांची, डोळ्यांनी पाहिलेली. आकाशात फिरणारी विमानं, वरून पेट घेणाऱ्या इमारती. ती आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहेत. इतिहासकार मुलगा जाऊन सहा वर्षं झाल्यावर!

ही दहा पानं डोक्यात होती म्हणून मी आत्याला फोन केला. आमच्या घरी असलं काही लिहिलेलं नाही. असलं तर ते आत्याच्याच डोक्यात.

आमच्याकडची गोष्ट नातेवाइकांना पाठ आहे. १९४८ साली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सातारा जिल्ह्यातलं आमचं घर जाळलं. गांधींच्या हत्येनंतर ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात आपलंही गेलं, गावानं हाकललं, आजोबा सगळं सोडून निघाले. (आमच्याकडे 'हत्या' नाही, 'वध' म्हणतात. हाही एक शब्दच.) गोष्ट खोटी नाही. घर खरंच जळलं, आजोबांना नंतर आयुष्यभर रॉकेलचा वास सहन होत नसे.

आत्या तेव्हा आठ वर्षांची. मी विचारलं, "जाळल्यावर तीन दिवस तुम्ही होतात कुठे?" गोष्टीत हे तीन दिवस नाहीतच. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "महारवाड्यात."

एका बाईनं त्यांना घरात घेतलं होतं. भाकरी आणि कोरड्यास. रात्री पोरांना कणगीमागे झोपवायची आणि स्वतः दारात बसायची. चौथ्या दिवशी बैलगाडी मिळाली, तेव्हा धाकट्या काकाला कडेवर घेऊन ती नदीपर्यंत पोचवायला आली. तिथे आजीनं सगळ्या पोरांना नदीत बुडवून काढलं. मामाकडे गेल्यावर पंचगव्यही दिलं. "तिच्यादेखत?" मी विचारलं. आत्या म्हणाली, "नदीत तिच्यादेखत. तिनं काकाचं अंगडं पिळून दिलं आणि गेली."

माझी आजी वाईट बाई नव्हती. तिच्या हातचे लाडू तुम्ही खाल्लेत. मलाही हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण मी इतकी वर्षं फक्त घर जाळणाऱ्यांवर रागावत होतो, आणि ज्या बाईनं जीव वाचवला तिचा उल्लेखही आमच्या गोष्टीत नव्हता.

चुलतभावानं खटपट करून तिच्या नातवाचा नंबर काढला. ते साताऱ्याला असतात, निवृत्त शिक्षक. मी घाबरत घाबरत फोन केला. ते म्हणाले, "हो, आमची आजी सांगायची. कुलकर्ण्यांची पोरं आमच्याकडे होती म्हणून." मी नदीचं सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही."

त्यांच्या गोष्टीतून तिनं आमची आंघोळ गाळली होती आणि आमच्यातून आम्ही तिलाच गाळलं होतं. मी माफी मागायला लागलो तर ते म्हणाले, "तुम्ही कशाला? तुमच्या आत्यांशी बोलायला आवडेल मला."

काल आत्याला विचारलं, कॉन्फरन्स कॉल लावू का. ती म्हणाली, "फोनवर नको. तू डिसेंबरात येतोयस ना, घेऊन चल मला." तिला सांगितलं की प्रवास झेपायचा नाही, गुडघे बघ. त्यावर काही बोलली नाही. रात्री परत तिचाच फोन.

"जिना आहे का रे त्यांच्याकडे?"