केप, लाँड्री आणि बनियन

रिचर्ड डॉनरचा १९७८चा ‘सुपरमॅन’ मी भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला आणि पुढे कित्येक दिवस आजोबांचा पंचा पाठीवर बांधून फिरलो. क्लार्क केंट फिरत्या दारात शिरतो, निळ्या-लाल पोशाखात बाहेर पडतो. धरण फुटतं, तुटलेल्या रुळाच्या जागी हा स्वतः आडवा होतो, पण पोशाखाला डाग म्हणून नाही. मनालाही नाही. देवादिकांच्या कॅलेंडरांखाली वाढलेल्या मला त्यात नवल वाटण्याचं कारणच नव्हतं.

‘स्पायडर-मॅन २’ आला २००४ साली. तोवर मी हॉस्टेलात स्वतःचे कपडे स्वतः धूत होतो. पीटर पार्कर लाँड्रीच्या मशीनमधून कपडे काढतो, तर पोशाखाचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागलेला! लिफ्टमध्ये कुणी पोशाखाची तारीफ केली, की हा खाज सुटते म्हणून कुरकुरतो. भाडं थकलंय, पिझ्झा पोचवायची नोकरी गेलीय. तरी बेफाम सुटलेली गाडी अंगाच्या जोरावर थांबवतो, आणि मुखवटा उतरलेला पाहून प्रवासी चरकतात, हा तर पोरगा आहे. त्याच वर्षीच्या ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये एडना मोड केप शिवायला साफ नकार देते, केपपायी कोण कोण मेलं, ते तिला तोंडपाठ.

‘वॉचमेन’मधल्या डॅनचा तर पोशाख चढवल्याशिवाय पुरुषार्थच जागत नाही. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी ही साल कॉमिकमध्ये सोलायला १९८६मध्येच घेतली होती, सिनेमा यायला २००९ उजाडलं. मग ‘डेडपूल’. पोशाख लाल का, तर रक्त दिसू नये. हसलो पोटभर, पण घरी पोचेपर्यंत सगळं ओसरलं. स्वतःचीच टर उडवणाऱ्याला गमवायचं काय असतं?

‘लोगन’ (२०१७) मात्र उतरला नाही. ह्यू जॅकमनच्या अंगात मळका बनियन, नाकावर वाचायचा चष्मा; एक नखी अर्धीच बाहेर येते, ती हाताने ओढून काढावी लागते. लिमोझिन चालवून तो म्हाताऱ्या गुरूच्या, चार्ल्सच्या औषधांचे पैसे जमवतो, त्याला धरून बाथरूमला नेतो. त्या काळात मीही बाबांना असाच धरून न्यायचो, काखेत हात घालून, चिडचिड करत. लोगनचा पिवळा पोशाख उरलाय तो फक्त त्याच्या गळ्यात पडलेल्या लॉरा या पोरीजवळच्या कॉमिकच्या पानांवर. हे सगळं थोतांड आहे, असं लोगन तिच्यावर खेकसतो. आणि तरीही त्याच कॉमिकात छापलेल्या जागी तिला घेऊन जातो. तिच्यासारखी मुलं तिथे खरोखर असतात.