ओट्याजवळचं स्टूल

डोंबिवली

चि. मनू,

कल्याणला सोशल वर्कर म्हणून लागलीस, फार आनंद झाला. ‘मावशी, न जेवणाऱ्या मुली ओळखायच्या कशा?’ असं विचारलंयस. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. पण माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक मुली आधी भलत्याच दारांतून फिरून आल्या. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, उलट्यांनी दात झिजले म्हणून दाताचे डॉक्टर. घरात संकष्टी, सोमवार, नवरात्र असतंच. त्या उपासांआड न जेवणं महिनोन् महिने लपतं, वर शेजारीण कौतुक करते, ‘किती छान बारीक झालीस गं!’

माझी चूक सांगते. दहावीतली मुलगी, महत्प्रयासानं वजन वाढलेलं. मी मायेनं म्हटलं, ‘गाल भरले, गोड दिसतेस.’ त्या रात्रीपासून तीन दिवस ती जेवली नाही. तिला ‘जाड झालीस’ एवढंच ऐकू आलं होतं. तेव्हापासून कुणाच्या अंगाबद्दल मी चांगलंही बोलत नाही.

घरचे म्हणतील, नखरे आहेत. त्यांना मिनेसोटातला प्रयोग सांग. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांतल्या अनेकांना सहा महिन्यांच्या अर्धपोटी जेवणानं चिडचिडं, एकलकोंडं केलं. ते ताटं चाटत, पाककृतींची पुस्तकं जमवत. उपाशी मेंदू असाच वागतो, म्हणून आधी अन्न. तेही बेतानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फार दिवसांच्या उपाशी माणसाला भराभर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं.

आणि आईला बोल लावू नकोस. गृहभेटीला जा, स्वयंपाकघरात बस. त्या दहावीतल्या मुलीच्या घरी मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचे. ती पोळीचे नखाएवढे तुकडे करी, एकेक पेपर नॅपकिनवर दाबून तूप टिपून घेई. एका पोळीला पाऊण तास. आई शेजारी. ओरडायची नाही, ताट संपेपर्यंत उठायचीही नाही. हे नुसतं बसणं शिकायला त्या माउलीला वर्ष लागलं.

परवा तिच्या आई फडके रोडवर भेटल्या. सांगत होत्या, यंदा हरतालिकेला आजीच नातीला म्हणाल्या, ‘तू जेव, देवीला मी सांगते.’ वरणभात वाढला. तिनं तो खाल्ला, वर लिंबाची फोड मागून घेतली.

तुझी,
मावशी